खळ्यावरची ज्वारी आणि विम्याची गंगाजळी

१९ जानेवारी १९५६ च्या रात्री केंद्रीय अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी नभोवाणीवरून देशाला उद्देशून भाषण केले आणि आयुर्विम्याच्या समस्त व्यवसायाचे व्यवस्थापन सरकारने आपल्या हाती घेतल्याचे जाहीर केले. वटहुकूम अखेरच्या घटकेपर्यंत गुप्त ठेवण्यात आला होता. कारण त्याची चाहूल आधी लागती, तर विमेदारांच्या पैशातून जे काही शिल्लक राहिले होते तेही रातोरात अन्यत्र हलवले जाण्याची धास्ती होती. १५४ भारतीय कंपन्या, १६ परदेशी कंपन्या आणि ७५ भविष्यनिधी संस्था अशा एकूण २४५ संस्थांचा कारभार त्या एका फर्मानाने मूळ चालकांच्या हातून सुटला. ज्या सप्ताहात हे घडले त्याच सप्ताहात मुंबई शहर महाराष्ट्रापासून वेगळे ठेवण्याची घोषणा होऊन मराठी माणसांच्या संतापाला सीमा राहिली नव्हती आणि स्वतः देशमुखांच्या अंतःकरणातही तो सल होताच, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या रात्रीच्या त्यांच्या संयत स्वराचे मोल अधिकच जाणवते.

देशमुख हे कुलाबा जिल्ह्यातील नाते गावचे. परंतु त्यांच्या सनदी कारकिर्दीचा पाया घातला गेला तो मध्यप्रांत-वऱ्हाडच्या मुलकी कारभारात, म्हणजे ज्या प्रांतात तेव्हा वर्धा जिल्हा मोडत असे त्याच प्रांतात. पुढे ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, आणि दुसऱ्याच्या पैशाचा सांभाळ करणाऱ्याने कोणत्या मर्यादेत वागावे याविषयी त्यांची जी निष्ठा होती ती उत्तरोत्तर दृढच होत गेली. आयुर्विमा हाती घेण्याची कारणे सांगताना त्यांनी हिशेबच मांडला: मागल्या दहा वर्षांत २५ विमा कंपन्या दिवाळखोरीत गेल्या, आणि आणखी २५ कंपन्यांनी आपली साधनसंपत्ती अशी उधळली की त्यांचा व्यवसाय दुसऱ्या कंपन्यांकडे वर्ग करावा लागला व त्याची झळ विमेदारांना सोसावी लागली.

या उधळपट्टीचे ठळक उदाहरण ठरली ती १८९६ साली लाहोरात स्थापन झालेली भारत इन्शुरन्स कंपनी. तिचे अध्यक्षपद भूषवणारे रामकृष्ण दालमिया यांनी विमेदारांच्या निधीतील सुमारे २ कोटी २० लाख रुपये आपल्या सट्ट्याच्या व्यवहारांत गुंतवले, आणि ही अफरातफर डिसेंबर १९५५ मध्ये खासदार फिरोज गांधी यांनी लोकसभेत एकेक दाखला पुढे ठेवून उघडकीस आणली. एका गृहस्थाने कंपनी घ्यावी, तिच्या विमेदारांच्या पैशाने दुसरी कंपनी घ्यावी, दुसरीच्या गंगाजळीतून वृत्तपत्र वा बँक घ्यावी, आणि सरतेशेवटी कोणाचा पैसा कोणत्या वहीत जमा आहे हे सांगण्यास कोणीही मुखत्यार उरू नये, अशी ती रचना होती. दालमियांना कारावास भोगावा लागला. त्यांच्या उद्योगसमूहाच्या चौकशीसाठी १९५६ अखेरीस नेमलेल्या आयोगाचे अध्यक्षपद मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती एस. आर. तेंडोलकर यांच्याकडे होते. आयोगाच्या वैधतेलाच आव्हान दिले गेले, तेव्हा १९५८ साली सर्वोच्च न्यायालयाने दिलेला निर्णय तेंडोलकरांच्या नावानिशी आजही कायद्याचे विद्यार्थी अभ्यासतात. तेंडोलकरांच्या पश्चात चौकशीचे काम ज्यांनी सिद्धीस नेले ते व्हिव्हियन बोस हे नागपूर उच्च न्यायालयाचे एके काळचे मुख्य न्यायाधीश. अशा रीतीने विमेदारांच्या पैशाचा तो प्रचंड गुंता उलगडण्यात मुंबईच्या आणि नागपूरच्या न्यायासनांचा वारसा एकापाठोपाठ एक कामी आला.

या साऱ्या प्रकरणात कारभाऱ्यांच्या पगाराचा प्रश्न वरवर पाहता गौण भासतो. पण तसे मानणे चुकीचे होईल. विमा कंपन्यांतील गैरव्यवहारांची चौकशी करण्यासाठी १९४५ साली सर कावसजी जहांगीर यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली गेली होती, आणि १९५० साली १९३८ च्या विमा कायद्यात जी दुरुस्ती झाली तिने प्रिन्सिपल एजंटांची प्रथा विमाव्यवसायातून हद्दपार केली. पुढे कायद्यात ३४-अ हे कलम आले, आणि त्याने व्यवस्थापकीय संचालकाची नेमणूक व त्याचे वेतन यांस सरकारी नियंत्रकाची पूर्वसंमती आवश्यक ठरवली. अन्य कोणत्याही सामान्य धंद्यात मालकाने मुनीमास किती द्यावे हा मालकाचा प्रश्न असतो; विम्यात मात्र तिजोरीतील बहुतांश पैसा मालकाचा नसून हजारो अनोळखी विमेदारांचा असतो, आणि म्हणून तेथील कारभाऱ्याचा पगार हा त्या अनोळखी माणसांच्या पैशाला पडणारा पहिला चिमटा असतो, हे तत्त्व आपल्या कायद्याने फार पूर्वीच मान्य केले होते. या गोष्टीचा मला अभिमान वाटतो, आणि ती विस्मरणात गेल्याचे दुःखही तेवढेच वाटते.

१ सप्टेंबर १९५६ रोजी आयुर्विमा महामंडळ अस्तित्वात आले तेव्हा देशमुख मंत्रिपदावर नव्हते. मुंबईच्या प्रश्नावरून त्यांनी जुलैतच राजीनामा दिला होता. महामंडळाच्या कायद्यात शिलकी नफ्याचा किमान ९५ टक्के वाटा विमेदारांकडे जावा अशी तरतूद होती, आणि तीत देशमुखांच्या विचाराचे सार उतरले होते. सरकारी मालकी झाली म्हणजे लोभ संपला असे मात्र घडले नाही. अवघ्या वर्षभरात, जून १९५७ मध्ये, महामंडळाने हरिदास मुंध्रा यांच्या सहा कंपन्यांचे सव्वा कोटीच्या आसपासचे समभाग आपल्या गुंतवणूक समितीला न विचारता खरेदी केले. ते प्रकरणही फिरोज गांधींनीच उजेडात आणले, न्यायमूर्ती छागला यांनी मुंबईत त्याची उघड चौकशी केली, आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री कृष्णम्माचारी यांना पायउतार व्हावे लागले. फरक एवढाच, आणि तो लहान नव्हे, की भारत इन्शुरन्सचा गुंता सुटण्यास वर्षानुवर्षे लागली, तर येथे संसदेला जाब विचारण्याचा अधिकार असल्यामुळे काही महिन्यांत जबाबदारी निश्चित झाली.

सर्वसाधारण विम्याचे राष्ट्रीयीकरण पुढे १९७२ च्या कायद्याने झाले, १०७ कंपन्यांच्या चार कंपन्या झाल्या, आणि १९८६ साली ‘मेडिक्लेम’ या नावाने आरोग्यविमा बाजारात आला. पण तो शहरातील पगारदारांच्या मापाने बेतलेला होता. गावाकडच्या माणसासाठी त्यात जागाच ठेवलेली नव्हती.

वर्धा जिल्ह्याच्या समुद्रपूर तालुक्यात गिरड म्हणून असेच एक गाव आहे. गावाशेजारच्या टेकडीवर शेख फरीद बाबांचा दर्गा असून हिंदू आणि मुसलमान भाविकांची तेथे पिढ्यान्‌पिढ्या रीघ लागलेली आहे. टेकडीच्या काळ्या खडकात फळांच्या वा सुपारीच्या आकाराचे गोल खडे सापडतात. भूगर्भशास्त्र त्यांना झिओलाइट म्हणते, आणि लोकपरंपरा त्यांची निराळी कथा सांगते. १८७० च्या मध्यप्रांताच्या गॅझेटियरातही ती नोंदली आहे. मालाने लादलेले दोन व्यापारी या वाटेने चालले असता त्यांनी फकिराची कुचेष्टा केली, तेव्हा त्यांचा सारा माल दगड होऊन पडला. त्यांनी क्षमा याचिली तेव्हा बाबांनी सुक्या पानांतून त्यांना नवा माल निर्माण करून दिला, आणि तो चमत्कार पाहून ते व्यापारी तेथेच सेवेत राहिले. त्यांच्या म्हणून दाखवल्या जाणाऱ्या कबरीही टेकडीवर आहेत. मला या कथेत सर्वांत हृद्य वाटतो तो तिचा उत्तरार्ध, कारण शिक्षेने ती संपत नाही. गेलेला माल परत मिळाल्यावर त्या दोघांनी पुढल्या गावचा बाजार गाठला असता तर कोणी त्यांना दोष दिला नसता, तरीही ते थांबले.

अशा गावात दुखणे येते तेव्हा काय होते, हे सांगण्यास आकडेवारीची गरज नाही. साध्या तापापुरते गावातच भागते. पण सर्पदंश, अडलेली बाळंतपणे, पोटातील आतडे पिळवटणारी दुखणी यांसाठी हिंगणघाट, सेवाग्राम नाहीतर नागपूर गाठावे लागते, आणि तेथे पोचेपर्यंत घरातील कपाशीचा पैसा, नसल्यास बैल, आणि तेही नसल्यास सावकाराचा उंबरठा, अशी उतरंड ठरलेली असते. नव्या मेडिक्लेमचा अर्ज अशा घरी कधी पोचलाच नाही. परंतु याच जिल्ह्यात, गिरडपासून काही कोसांवर, त्या अर्जापेक्षा निराळा एक विमा त्याआधीच आकारास येत होता.

कस्तुरबांच्या निधनानंतर, १९४५ च्या सुमारास, सेवाग्रामला बिर्लांच्या अतिथिगृहात स्त्रिया व बालके यांच्यासाठी जे छोटे इस्पितळ डॉ. सुशीला नायर यांच्या देखरेखीखाली सुरू झाले, त्याचाच विस्तार होऊन गांधी-जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ साली, महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था उभी राहिली. तेथील अध्यापकांनी खाजगी व्यवसाय करायचा नाही, खादी वापरायची, आणि विद्यार्थ्यांच्या प्रत्येक तुकडीने एक खेडे दत्तक घेऊन तेथे पंधरा दिवस मुक्काम करायचा, असा तेथला शिरस्ता होता. या मुक्कामांतूनच औषधवैद्यकाचे अध्यापक डॉ. उल्हास जाजू यांचा आसपासच्या खेड्यांशी संबंध जडला, आणि ऐंशीच्या दशकाच्या उंबरठ्यावर तेथे ‘ज्वारी विमा’ या नावाने पुढे ख्याती पावलेली योजना उभी राहिली.

तिचे स्वरूप मी थोडे सविस्तर सांगतो, कारण तिच्या प्रत्येक अटीमागे पुष्कळ विचार आहे. सुगी होऊन खळ्यावर ज्वारीची रास पडली, म्हणजे घराघरातून विम्याचा हप्ता ज्वारीच्या मापाने गोळा केला जाई. भूमिहीन मजुराचा हप्ता सर्वांत कमी, आणि ज्याच्याकडे जमीन त्याचा हप्ता एकरागणिक चढता; लाभ मात्र दोघांना सारखाच. ज्या समाजात सुतार-लोहाराचे वर्षाचे देणे शतकानुशतके खळ्यावरच्या धान्यातून फेडले जात होते, त्या समाजाला ही रीत परकी वाटण्याचे कारण नव्हते. शिवाय सुगीच्या दिवसांत कोणाच्याही घरात धान्य असते, तर रोकड असेलच असे नसते. गावातील किमान ७५ टक्के घरे सामील झाल्याखेरीज ते गाव योजनेत घेतले जात नसे. ही अट प्रथमदर्शनी कठोर वाटते; परंतु निरोगी माणसांनी बाहेर राहायचे आणि आजाऱ्यांनीच तेवढे आत यायचे, असे झाल्यावर कोणताही विमा उभा राहत नाही, हे गावाला समजावून सांगण्याचा तोच सरळ मार्ग होता. वर्षातून एकदा नाव नोंदवले ते नोंदवले. दुखणे आल्यावर धावत येऊन हप्ता भरता येत नसे.

जमा झालेल्या ज्वारीच्या पैशातून गावच्या आरोग्यसेवकाचे मानधन व औषधे भागवली जात, आणि पुढे कस्तुरबा रुग्णालयात दाखल होण्याची पाळी आली, तर अवचित कोसळलेल्या दुखण्यास एक पैसाही घेतला जात नसे. मोतीबिंदू, हर्निया, नेहमीचे बाळंतपण अशा आधी ठाऊक असलेल्या गोष्टींसाठी मात्र बिलाचा चौथा हिस्सा रुग्णाने सोसायचा. विम्याचे सारे तत्त्वज्ञान या एका भेदात आहे: ज्या संकटाची कोणी कल्पना केली नाही ते संकट गावाने मिळून झेलायचे, आणि जे ठरवून येते त्यासाठी थोडी तजवीज ज्याने त्याने करायची. आज बाजारात मिळणाऱ्या विमापत्रांत नेमके उलटे घडते. बारीक अक्षरातील अपवादांच्या यादीत अवचित संकटच पुष्कळदा अडकून पडते.

या योजनेत मक्तेदार नव्हता आणि दलालही नव्हता. हप्ता गोळा करणाऱ्याला कमिशन नव्हते, दावा नाकारल्याने कोणाची बढती होत नव्हती, आणि इस्पितळातला डॉक्टर एका रुग्णास दाखल करून घेवो वा न घेवो, त्याच्या पगारात तिळमात्र फरक पडत नसे. योजनेच्या मर्यादाही लपवण्याचे कारण नाही: रुग्णालयाचा मोठा भार केंद्र व राज्य सरकारच्या अनुदानावर चाले, ज्वारीतून त्याचा अल्पसा अंशच भरून येई, आणि ही रीत सेवाग्रामच्या परिसरातील मोजक्या गावांपलीकडे जिल्हाभर पसरू शकली नाही. पुढे शेतातून ज्वारी मागे हटली, सोयाबीन आणि कापूस यांनी तिची जागा घेतली, आणि हप्ताही रोकडीत घेतला जाऊ लागला. पण लोकांच्या वर्गणीवर चालणारा आरोग्यविमा लोभावाचून चालवता येतो, एवढे तर या गावांनी सिद्ध करून दाखवले.

अमेरिकेतील आरोग्यविम्याचा उगमही असाच साधा होता. १९२९ साली टेक्सास संस्थानातील डॅलस शहरी बेलर विद्यापीठाच्या रुग्णालयाने शाळामास्तरांना वर्षाला सहा डॉलर घेऊन २१ दिवस इस्पितळात ठेवण्याची हमी दिली, आणि जस्टिन किंबॉल यांच्या या कल्पनेतून पुढे ‘ब्लू क्रॉस’ संस्थांचे जाळे विणले गेले. नफा वाटून घेण्याचा त्यांचा हेतू नव्हता. मोठ्या कारभाऱ्यांच्या पगाराची कुप्रसिद्धीही त्या देशात जुनीच: १९०५ साली न्यूयॉर्कच्या विधिमंडळाने आयुर्विमा कंपन्यांची चौकशी केली तेव्हा म्युच्युअल कंपनीचे अध्यक्ष वर्षाला दीड लाख डॉलर घेत असल्याचे निष्पन्न होऊन देशभर खळबळ उडाली होती. शंभर वर्षांनी तो आकडा किरकोळ ठरला. युनायटेडहेल्थ या आरोग्यविमा कंपनीचे प्रमुख विल्यम मॅग्वायर, जे स्वतः डॉक्टर होते, त्यांना मिळालेल्या समभाग-पर्यायांवर, म्हणजे ठरलेल्या भावाने समभाग घेण्याच्या हक्कांवर, ज्या तारखा घातल्या गेल्या त्या भाव सर्वांत उतरलेल्या दिवसांच्या मागाहून निवडलेल्या तारखा होत्या, असा आरोप झाला. २००६ साली त्यांनी पद सोडले, आणि पुढल्या वर्षी आरोप मान्य वा अमान्य न करता सुमारे ४६ कोटी ८० लाख डॉलर परत करण्याचे कबूल केले. एका माणसाकडून परत आलेली ही रक्कम. आणि ती कंपनी चालत होती विमेदारांच्या हप्त्यांवर. २०१० च्या कायद्याने तेथे हप्त्याच्या ८० ते ८५ टक्के रक्कम उपचारांवरच खर्च झाली पाहिजे असे बंधन घातले, ते या अनुभवांनंतर.

आपल्याकडे १९९४ च्या मल्होत्रा समितीच्या शिफारशीनंतर १९९९ चा कायदा झाला आणि विमाव्यवसायाचे दरवाजे खाजगी भांडवलास पुन्हा उघडले. स्पर्धेने दर उतरतील, सेवा सुधारेल, असे तेव्हा सांगण्यात आले, आणि काही अंशी सेवा सुधारलीही. रोकड न भरता दाखल होण्याची सोय पूर्वी नव्हती ती झाली, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. परंतु निव्वळ आरोग्यविमा करणाऱ्या खाजगी कंपन्यांनी २०२३–२४ मध्ये दाव्यांपोटी खर्च केलेला हिस्सा हप्त्याच्या ६५ टक्क्यांच्या आसपास होता, तर सरकारी कंपन्यांचा तो शंभराहून अधिक होता. शंभराहून अधिक हेही सुदृढ कारभाराचे लक्षण नव्हे. पण ६५ हा आकडा मला अधिक अस्वस्थ करतो, कारण आपल्या विमा नियामकाने २०२३ साली अशा कंपन्यांना हप्त्याच्या ३५ टक्क्यांपर्यंत व्यवस्थापनखर्च करण्याची मुभा दिली आहे. अमेरिकेत जे प्रमाण कायद्याने गैर ठरते, ते येथे नियमाने मंजूर आहे.

पगाराच्या बाबतीत ३४-अ हे जुने कलम अद्याप जिवंत आहे, आणि त्याच्या आधारे नियामकाने २०१६ साली असा दंडक घातला की खाजगी विमा कंपनीच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याचे वार्षिक वेतन दीड कोटीपेक्षा अधिक असल्यास वरचा भार विमेदारांच्या निधीवर न पडता भागधारकांच्या खात्यावर पडावा. दंडक योग्य होता. २०२३ साली मात्र ही मर्यादा चार कोटींवर नेण्यात आली, म्हणजे तेवढ्या पगारापर्यंतचा भार आता विमेदारांच्या हप्त्यांतून भागवता येतो. २०२४ च्या जुलैत याच नियामकाने केअर हेल्थ या आरोग्यविमा कंपनीस एक कोटी रुपयांचा दंड केला, आणि तिच्या पालक कंपनीच्या तत्कालीन अध्यक्षांना प्रतिसमभाग ४५ रुपये ३२ पैसे या दराने दिलेले समभाग परत विकत घेण्याचा हुकूम दिला. नियामकाने संमती नाकारली असतानाही ते समभाग-पर्याय दिले गेले, असे त्याचे म्हणणे होते. कंपनीने या आदेशाविरुद्ध अपिलीय न्यायाधिकरणात दाद मागितली. १९५५ साली जो प्रश्न लोकसभेत उभा राहिला, तो आज न्यायाधिकरणाच्या तारखांत विभागला गेला आहे आणि वृत्तपत्रांच्या अर्थविषयक पानापलीकडे तो क्वचितच पोचतो.

माझी मागणी मोठी नाही. प्रत्येक आरोग्यविमापत्राच्या पहिल्या पृष्ठावर, हप्त्याच्या रकमेच्या शेजारी, त्या कंपनीने मागल्या वर्षी शंभर रुपयांतून दाव्यांसाठी किती रुपये अदा केले, किती दावे नाकारले, आणि तिच्या सर्वोच्च अधिकाऱ्यास पगार व समभाग मिळून किती मिळाले, हे तीन आकडे ज्या राज्यात विमा विकला जातो त्या राज्याच्या भाषेत, ठळक अक्षरात छापले जावेत. तिन्ही आकडे कंपन्यांच्या वार्षिक अहवालांत आणि नियामकाच्या दप्तरात आजही विखुरलेले आहेत. ते छापण्यास नवा कायदा नको, नियामकाचे एक परिपत्रक पुरेल.